पावाच्या रांगेतून

रशियन राज्यक्रांती म्हटली की हिवाळी राजवाड्यावर तुटून पडणारा प्रचंड जमाव डोळ्यांपुढे येतो. हे चित्र पुष्कळसे आयझेन्स्टाइनच्या मूकपटाने रंगविले आहे. क्रांतीचा खरा आरंभ झाला तो पावाच्या रांगेत, आणि तोही बायकांच्या हातून!

१९१४ च्या महायुद्धात झारने लक्षावधी शेतकरी आघाडीवर धाडले. आगगाड्या सैन्याच्या दिमतीस लागल्या. खेड्यांत धान्य असूनही ते राजधानीत पोहोचेना. ८ मार्च १९१७ रोजी, महिलादिनी, पेट्रोग्राडच्या कापडगिरण्यांतील कामकरी स्त्रिया पाव मागत रस्त्यावर उतरल्या. त्यांच्यामागून कारखाने बंद पडले, पाठोपाठ सैनिकही येऊन मिळाले. १५ मार्चला निकोलसने सिंहासन सोडले. तीनशे वर्षांचे रोमानोव्ह घराणे आठवड्याभरात लयास गेले.

हंगामी सरकारने मात्र युद्ध चालूच ठेवले. 'शांतता, जमीन, पाव' ही लेनिनची घोषणा लोकांच्या मनाला जाऊन भिडली ती त्यामुळेच. ७ नोव्हेंबरला बोल्शेविकांनी सत्ता घेतली. दुसऱ्याच दिवशी जमीनदारांच्या जमिनी काढून घेण्याचा हुकूम निघाला आणि शेतकऱ्यांना आपले स्वप्न खरे झालेसे वाटले. परंतु जानेवारी १९१८ मध्ये लोकांनी निवडून दिलेली संविधानसभा बोल्शेविकांनी एकाच बैठकीनंतर मोडून टाकली. कारण तीत त्यांचे बहुमत नव्हते.

पुढील अनर्थाचे बीज येथेच पडले. सत्तेला जाब विचारणारे कोणी उरले नाही. १९२९ नंतर स्टालिनने तीच जमीन सामुदायिक शेतीसाठी ओढून घेतली, धान्य जप्त केले. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन व कझाकस्तानात लक्षावधी माणसे अन्नान्न करीत मेली. पावासाठी झालेल्या क्रांतीने पिकविणाऱ्याच्याच तोंडचा घास काढला!

तराजूचे दुसरे पारडे मात्र अगदीच रिकामे नाही. १८९७ च्या शिरगणतीत शेकडा ३० माणसेही साक्षर नव्हती. १९३९ पर्यंत हे प्रमाण शेकडा ८० च्या वर गेले. हिटलरच्या फौजांचा कणा मुख्यतः सोव्हिएत सैनिकांनीच मोडला. १९६१ मध्ये एका सुताराचा मुलगा, यूरी गागारिन, अंतराळात जाऊन आला.

१९९१ साली ही राजवट कोसळली, तेव्हा मॉस्कोच्या दुकानांपुढे पुन्हा रांगा लागलेल्या होत्या. १९१७ च्या त्या बायकांनी पाव मागितला. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्यांनी ती राज्यकर्त्याला न भिता मागितली. त्यांच्या नावाने राज्य करणाऱ्यांनी अक्षरे शिकविली, कारखाने उभारले. तेवढा प्रश्न विचारण्याचा हक्क मात्र दिला नाही.