पुठ्ठ्यातली पानं

माझे अब्बा पुस्तकबांधणी करायचे. मिरजेच्या बाजारात आमचं दहा बाय आठचं दुकान होतं. दुकानात शिरलं की आधी खळीचा वास यायचा. मैदा शिजवून केलेली खळ, आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात टाकलेलं मोरचूद. व्यापाऱ्यांच्या रोजकिर्दी, खतावण्या, शाळेची हजेरीपत्रकं, कुणाच्या घरातली फाटकी पोथी, कुणाचं कुराण, सगळं एकाच फळीवर असायचं. अब्बांचं शिक्षण चौथीपर्यंत. पण पुस्तक हातात घेतलं की त्याच्या शिवणीवरून आणि कागदावरून ते त्याचं वय सांगत. पुस्तकाकडे पाहायला मी शिकलो तो या दुकानात. पुस्तक वाचायला शिकलो ते नंतर.

आज छापील पुस्तकांविषयी बोलायचं आहे. ती छापली कशी गेली याविषयी, आणि त्याहून जास्त, ती राहिली कशी याविषयी.

आमच्या मिरजेला या इतिहासात एक छोटंसं स्थान आहे. पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत नाना फडणविसांच्या मनात आलं, की गीता छापून घ्यावी. पुण्याचा इंग्रज वकील मॅलेट याच्या ओळखीनं एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरायला शिकवण्यात आलं. पुढे नानांचे दिवस फिरले, १८०० साली ते वारले. तो कारागीर मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला आला आणि १८०५ मध्ये मिरजेत गीता छापून झाली. एकेक पान उलटं कोरायचं, शाई लावायची, कागद दाबायचा. त्याच १८०५ साली तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण खिळ्यांनी छापलं जात होतं. नागपूरकडचे पंडित वैजनाथ त्याला भाषेसाठी मदत करत होते. एक वर्ष, दोन टोकं. मिरजेची वाट तिथंच थांबली. खिळ्यांची वाट मात्र पुढे गेली, कारण एकदा पाडलेले खिळे सोडून पुन्हा दुसऱ्या पुस्तकाला जुळवता येतात. कोरलेला पत्रा त्या एका पानापुरताच.

मुंबईत छपाईची सुरुवात करणाऱ्या देशी माणसांत पहिलं नाव फर्दुनजी मर्झबान यांचं. १८१२ साली त्यांनी गुजराती छापखाना काढला आणि १८२२ मध्ये ‘मुंबई समाचार’. ते आधी पुस्तकबांधणीचं दुकान चालवत, हे मी वाचलं तेव्हा धावत जाऊन अब्बांना सांगितलं. अब्बा म्हणाले, “मग बरोबर आहे. ज्याने फाटलेलं शिवलं, त्यालाच नवं काढायची हौस येणार.”

मराठी छपाई मुंबईत रुजवली अमेरिकन मिशनच्या लोकांनी. १८१७ पासून त्यांच्या छापखान्यात मराठी पुस्तिका निघू लागल्या. पण लोकांच्या मनात शंका होती. शाईत चरबी असते, रुळाला चामडं असतं, मग असला कागद सोवळ्यात कसा चालायचा? गणपत कृष्णाजी नावाच्या कल्पक माणसानं यावर तोडगा काढला. तुपाची शाई करून त्यांनी पोथ्या छापल्या, असं सांगतात. मिशनच्या छापखान्यात पाहून पाहून त्यांनी स्वतःचा शिळाप्रेस उभा केला. १८४१ मध्ये त्यांनी पंचांग छापलं आणि जी वस्तू भटजींच्या बगलेत असायची ती बाजारात विकत मिळू लागली.

शिळाप्रेसविषयी दोन शब्द सांगायला हवेत. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनं लिहायचं, दगड ओला करायचा, वर शाईचा रूळ फिरवायचा. पाणी शाईला झटकतं, लिहिलेली अक्षरं तेवढी शाई धरतात. हा शोध जर्मनीत १७९६ च्या सुमारास लागला. पण तो मानवला आपल्याकडे. पोथीचं वळण राहिलं आणि कुराणाचंही. खिळ्यांच्या जोडणीत अरबी-फारसी लिपीचा डौल मोडतो, जेर-जबर हलतात, आणि कलामात चूक म्हणजे मोठी गोष्ट. दगडावर मात्र कातिब स्वतःच्या हातानं लिही. म्हणून लखनौत मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ पासून याच पद्धतीनं कुराणापासून पुराणांपर्यंत सारं छापलं. मुंबईत छापलेली फारसी पुस्तकं जहाजानं इराणला जात. पोथीवाले आणि कुराणवाले दोघेही एकाच दगडापाशी आले, ही गोष्ट मला फार आवडते.

पुढे जावजी दादाजी आले. घरची गरिबी, लहानपणीच छापखान्यात खिळे घासण्याचं काम. त्या मुलानं पुढे स्वतःचे खिळे पाडले आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरच्या देवनागरी अक्षरांना देशभर तोड नव्हती.

म्हणजे छापणं सुरू झालं, वाढलं. पण छापलं म्हणजे राहिलंच, असं नाही. गोव्यात छापखाना आला १५५६ साली. फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलं गेलं, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, तीन आवृत्त्या. आणि या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. हे पुराण आपल्यापर्यंत आलं ते लोकांनी हातानं उतरवून ठेवलेल्या नकलांमुळे. त्या नकलांवरून १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं.

इंग्रज सरकारनं १८६७ मध्ये कायदा केला, की छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात द्यायच्या. दर तिमाहीला याद्या निघत. पुस्तकाचं नाव, लेखक, छापखाना, पानं, आकार, किंमत, एवढंच काय, किती प्रती काढल्या तेही. हेतू उघड होता. १८५७ नंतर सरकारला देशी माणूस काय छापतो यावर नजर ठेवायची होती. पण पहाऱ्यासाठी लिहिलेल्या त्या याद्या पुढे अभ्यासकांच्या कामी आल्या.

आणि मग एका माणसानं ठरवलं, की मराठीत छापलेलं प्रत्येक पुस्तक आपण नोंदवायचं. शंकर गणेश दाते. त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. १८०० ते १९३७ या काळातली अठरा हजारांहून अधिक पुस्तकं तिच्यात आहेत. १९३८ ते १९५० चा दुसरा खंड १९६१ मध्ये आला. तीन वर्षांनी, १९६४ मध्ये, दाते गेले. ना संगणक, ना कचेरी. ग्रंथालयं, चिठ्ठ्या, आणि एका माणसाचा जीव.

बी.ए.ला असताना कॉलेजच्या ग्रंथालयात ही सूची मी पहिल्यांदा उघडली. उघडण्यामागं माझं खासगी कारण होतं. माझे आजोबा, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, मोहरमची गाणी रचत. फडावर तुऱ्याच्या बाजूनं उभे राहत. मराठीतच रचत, कारण दुसरी भाषा त्यांना लिहिता येत नव्हती. त्यांच्या पदांची सोळा पानांची एक चोपडी छापली होती, असं घरात सगळे सांगत. एक आणा किंमत. उरसात आणि जत्रेत विकली जायची. पण घरात एकही प्रत नव्हती. मी सूचीत दादांचं नाव शोधलं. वेगवेगळ्या रीतीनं लिहून शोधलं. नव्हतं. असल्या चोपड्या जत्रेत निघत आणि जत्रेतच संपत. सरकारात प्रत द्यायला कोण जाणार आणि ग्रंथालयात कोण ठेवणार? त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, दादांनी काही लिहिलंच नाही असं उद्या कुणी म्हटलं, तर मी काय दाखवू?

ही गोष्ट २००४ मधली. एका जुन्या पेढीची खतावणी दुरुस्तीला आली होती. पुठ्ठा ओलाव्यानं सुटला होता. अब्बांचे हात तेव्हा कापायला लागले होते, म्हणून पुठ्ठा मी सोडवत होतो. पूर्वी पुठ्ठा विकत न आणता रद्दी कागद एकावर एक चिकटवून घरीच करत. एकेक थर पाण्यानं सुटत होता. हिशेबाचे कागद, वर्तमानपत्र, आणि मग छापील पदं. पदाच्या शेवटच्या ओळीत दादांचं नाव.

चार पानं निघाली. म्हणजे आठ पृष्ठं. निम्मी चोपडी.

मी विचारलं, “अब्बा, हे कुणी चिकटवलं?”

अब्बा बराच वेळ पानांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मीच. लढाईचे दिवस होते. कागदावर कंट्रोल होता, पुठ्ठा मिळत नव्हता. मी बारा वर्षांचा. उस्ताद म्हणाले, घरात रद्दी असेल तर आण. दादांच्या चोपड्यांचा गठ्ठा माळ्यावर पडून होता. विकला जात नव्हता.”

“दादा काही बोलले नाहीत?”

“म्हणाले, पोटाला लागतंय ना, ने.”

अब्बांनी हे साठ वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. मला राग आला होता, हे खोटं सांगत नाही. कविता करणाऱ्या नातवाला तो येणारच. पण मग ध्यानात आलं, की गठ्ठ्यातल्या ज्या प्रती पुठ्ठ्यात गेल्या नाहीत त्यांतलं एक पानही राहिलं नाही. वाळवीनं खाल्लं, पुरात गेलं, बंबात गेलं. राहिलं ते अब्बांनी मोरचूद घातलेल्या खळीनं चिकटवलेलंच. आणि ती वर्षंही ध्यानात आली. इकडे एक पोरगा चोपड्या पुठ्ठ्याला लावत होता, त्याच सुमाराला तिकडे दाते मराठी पुस्तकांची सूची छापून काढत होते. दोघांची गाठ पडायला हवी होती. पडली नाही.

त्या चार पानांत मुखपृष्ठ नाही. साल नाही, छापखान्याचं नाव नाही. ग्रंथालयात घेऊन गेलो तर तिथले गृहस्थ आपुलकीनं म्हणाले, “नोंद कशी करायची? नावच नाही.” खरंच होतं. पहिलं पान गेलं की पुस्तक अनोळखी होतं.

म्हणून मित्रहो, एक विनंती. तो १८६७ चा कायदा आता इतिहासजमा झाला. २०२३ च्या नव्या कायद्यानं त्याची जागा घेतली, आणि त्यात नियतकालिकं आहेत, पुस्तकं नाहीत. पुस्तकं ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवण्याचा १९५४ चा कायदा आहे, पण स्वखर्चानं पाचशे प्रती काढणाऱ्या किती जणांना तो ठाऊक असतो? घरात आजोबांची आरतीची पुस्तिका असेल, आजीच्या ओव्यांची वही असेल, मेळ्याची पदं असतील, तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी एकदा उलटून पाहा. पुठ्ठा फाटला तरी चालेल, पहिलं पान सांभाळा. आणि गावातल्या ग्रंथालयात एक प्रत देऊन पावती घ्या.

अब्बा २००७ मध्ये गेले. त्याआधी त्यांनी ती चार पानं स्वतः बांधून दिली. पातळ कापडी पुठ्ठा, हाताची शिवण, कापऱ्या हातांमुळे टाके थोडे वाकडे. मी आत एक चिठ्ठी ठेवली आहे, दात्यांच्या सूचीतल्यासारखी. कर्ता : दादांचं पूर्ण नाव. पृष्ठं : १६ पैकी ८. किंमत : एक आणा. ग्रंथनाम आणि साल यांच्या जागा मोकळ्या सोडल्या आहेत. कुणाच्या माळ्यावर एखादी पुरी प्रत निघालीच, तर त्या भरता येतील.