ड्रायव्हरांतील अनुपयुक्त वीजव्यवस्थापन-संहिता

१९९१ साली जन्मलेल्या लिनक्सच्या पुष्कळ ड्रायव्हरांत उपकरणास निजविणारी व जागविणारी फंक्शने असतात. वीजव्यवस्थापन वगळून कर्नल बांधल्यास ती निरुपयोगी ठरतात. म्हणून पूर्वी ‘इफडेफ’चे कुंपण घालून ती कंपायलरच्या दृष्टीआड केली जात. परंतु न पाहिलेल्या संहितेतील दोष कंपायलर दाखविणार कसा? कुंपण चुकल्यास विशिष्ट जुळणीतच बांधणी अडे. पुढे ‘मेबी अनयूज्ड’ या खुणेमुळे ती तपासली जाऊ लागली; मात्र खूण प्रत्येक फंक्शनावर लिहावी लागे आणि रिकामा तक्ता स्मृतीत उरे. मार्च २०२२ मधील ५.१७ आवृत्तीच्या नव्या मॅक्रोंनी ही दोन्ही न्यूने दूर केली. संहिता लपविण्यापेक्षा ती तपासून मगच टाकणे, हेच या स्थित्यंतराचे मर्म होय.