बंदुकीपासून वहीपर्यंत: बागेतल्या पक्षीनिरीक्षणाचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहता विरंगुळ्याचा वाटेल. सकाळी बागेत फिरायला जायचं, बाकावर बसून बुलबुल, साळुंकी, तांबट बघायचे, यात इतिहास कसला? पण आज आपण जी गोष्ट बघणार आहोत ती नोंदींची आहे. कुठल्या पक्ष्याची नोंद झाली, कुठल्याची राहून गेली, आणि त्यामुळे पुढे काय घडलं, हा आपला प्रश्न.

सुरुवात बंदुकीपासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकात पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे मुख्यतः पक्षी मारणं, त्याचं कातडं टिकवणं आणि त्याला चिठ्ठी बांधणं. पक्षी हातात आल्याशिवाय त्याची खात्रीची ओळख पटली असं मानत नसत. या पद्धतीतलं आपल्याकडचं सर्वांत मोठं नाव म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हो, काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात येतात तेच ह्यूम! सिमल्याच्या घरी त्यांनी पक्ष्यांची हजारो कातडी जमवली होती. शिवाय वर्षानुवर्षांची हस्तलिखित टिपणं होती. त्यांतून त्यांना हिंदुस्थानातल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहायचा होता. १८८४ च्या सुमारास ती टिपणं नोकरानं बाजारात रद्दीच्या भावानं विकली. ह्यूम यांचं मनच उडालं. १८८५ मध्ये त्यांनी सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. म्हणजे कातडी वाचली, टिपणं गेली. हा फरक आपण लक्षात ठेवू.

आता मुंबईला येऊ. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठजण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. ही जागा राणीच्या बागेत आहे, हा योगायोग छानच. आठांत दोघे आपले होते: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. रखमाबाईंचे सावत्र वडील, ते हे सखाराम अर्जुन.

याच आठजणांत एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे गृहस्थ होते. जन्म साताऱ्याचा, १८५१ चा. नोकरी जकात आणि मीठ खात्यात. ‘इहा’ या टोपणनावानं ते लिहीत. त्यांचं वेगळेपण असं की त्यांनी दुर्मीळ पक्ष्यांच्या मागे न लागता घराभोवती, अंगणात, बागेत जे दिसतं त्यावर मिस्कीलपणे लिहिलं. १९०० साली त्यांचं मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. आज ते उघडलं की आपण थबकतो, कारण त्यात गिधाडं आहेत. मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांत गिधाडं! लेखकाला त्यात विशेष काही वाटलं नसणार. आपल्यासाठी मात्र तो शहराच्या इतिहासाचा पुरावा झाला.

पुढचा टप्पा अलिबागजवळच्या किहीमचा. १९३० साली सालिम अली जर्मनीहून शिकून परतले, पण हाताला नोकरी नव्हती. म्हणून ते किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. तिथे बसून त्यांनी रोज काय घडतं ते टिपलं. नर खोपा अर्धा विणतो, माद्या येऊन तपासतात, पसंत पडला तर एखादी तो ताब्यात घेते, मग नर तो पूर्ण करतो आणि दुसरा खोपा विणायला घेतो. म्हणजे बघा, ‘सुगरण’ शब्द स्त्रीलिंगी, पण विणकर मात्र नर! सालिम अलींनीही पुढे अभ्यासासाठी पक्षी मारले, ते लपवायचं कारण नाही. पण ही गोष्ट मारलेल्या पक्ष्याकडून कधीच कळली नसती. १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं सचित्र पुस्तक आलं आणि सामान्य माणसाला बंदुकीशिवाय पक्षी ओळखता येऊ लागला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९९० च्या दशकात गिधाडं झपाट्यानं कमी झाली. भरतपूरला डॉ. विभू प्रकाश यांच्याकडे १९८० च्या दशकातली मोजणी होती. दहाएक वर्षांनी पुन्हा मोजल्यावर घट आकड्यांत दाखवता आली. पुढे २००४ मध्ये कारण समजलं: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. आधीची मोजणी हाताशी होती म्हणून हे सिद्ध करणं सोपं गेलं.

चिमणीचं तसं झालं नाही. रोजचीच म्हणून तिला फारसं कोणी मोजलं नाही. ती कमी झाली असं सगळे म्हणू लागले, तेव्हा तुलना करायला जुने आकडे अपुरे. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२० चा अहवाल सांगतो की देशभर चिमणी साधारण टिकून आहे, पण मोठ्या महानगरांत घटते आहे. या अहवालामागे सुमारे १५,५०० निरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदी होत्या. त्यांत बागेत सहज फिरायला जाणारेही आले.

म्हणून दर फेब्रुवारीत चार दिवस परसातल्या पक्ष्यांची गणना होते. अमेरिकेत ती १९९८ मध्ये सुरू झाली आणि भारत २०१३ पासून तीत आहे. किमान पंधरा मिनिटं एका जागी थांबायचं. तारीख, वेळ, जागा आणि दिसलेले सगळे पक्षी लिहायचे. फेब्रुवारीचीच वाट बघायला हवी असं नाही. मोबाईल नको असेल तर वही चालेल. नाव येत नसेल तर रंग, चोच आणि आकार लिहा. दयाळ दिसला तर आनंद आहेच, पण कावळे किती होते तेही लिहा. आणि वही भरली की तिच्यातल्या नोंदी कुठेतरी जमा करा. ह्यूम यांच्या टिपणांचं काय झालं, ते आपण पाहिलंच.

आता प्रश्न घेऊ.