येवल्याची घोषणा : परिमाण आणि दिशा

ज्या राशीस परिमाणाबरोबर दिशाही असते, तिला भौतिकशास्त्र सदिश म्हणते. ‘व्हेक्टर’ या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र ‘वाहक’. म्हणून वैद्यकात रोगवाहक डासही व्हेक्टरच! इतिहासलेखनात बहुधा परिमाणच मोजले जाते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. १९३० पासूनच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचा कटू अनुभव पाठीशी असलेल्या या निर्धाराचे बळ निर्विवाद होते. कोणता धर्म स्वीकारणार, हे मात्र अनुक्त राहिले. काटेकोरपणे पाहता ती धर्मत्यागाची घोषणा होती. ३१ मे १९३६ रोजी मुंबईत झालेल्या भाषणाचे ‘मुक्ती कोन पथे?’ हे शीर्षक दिशेचाच प्रश्न विचारते. त्या भाषणाचा शेवट बुद्धाच्या उपदेशाने होतो. प्रत्यक्ष धम्मदीक्षा नागपूर येथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली.