ज्याला उत्तर देता येतं तो सहकारी : योझेफ योआखिम

आज ज्या व्हायोलिनवादकाबद्दल बोलायचं आहे, त्याचं ऐन उमेदीतलं वादन आज हयात असलेल्या कुणीही ऐकलेलं नाही. सत्तरी ओलांडल्यावर, १९०३ साली, त्यानं पाच लहान ध्वनिमुद्रणं केली. खरखरीतून जेवढं कानावर पडतं तेवढंच आपल्या हाती. तरीही योझेफ योआखिम हे नाव वगळून एकोणिसाव्या शतकातल्या व्हायोलिनचा इतिहास सांगता येत नाही. असं का, हा आजचा प्रश्न.

योआखिमचा जन्म १८३१ चा, तेव्हाच्या हंगेरीतल्या किट्से गावातल्या ज्यू कुटुंबातला. लहानपण पेस्टमध्ये, शिक्षण व्हिएन्नात, आणि मग लाइपझिगला मेंडेल्सोनच्या छत्राखाली. २७ मे १८४४ रोजी लंडनमध्ये मेंडेल्सोनच्या संचालनाखाली त्यानं बेथोव्हनचा व्हायोलिन कॉन्सर्टो वाजवला. वय किती? तेरा पूर्ण व्हायला एक महिना बाकी! ही रचना १८०६ मधली; पण तोवर ती क्वचितच कुणी वाजवत असे. या मुलानं ती वाजवली, आणि पुढे जन्मभर वाजवत राहिला. आज प्रत्येक मोठा वादक ती वाजवतो, यात योआखिमचा वाटा फार मोठा.

आता एक बारकावा लक्षात घ्या. कॉन्सर्टोत कॅडेन्झा नावाची एक जागा असते. वाद्यवृंद थांबतो आणि वादक एकटाच वाजवतो. बेथोव्हननं ती व्हायोलिनसाठी लिहून ठेवली नव्हती. योआखिमनं स्वतःची लिहिली. म्हणजे गेलेल्या माणसाच्या रचनेत यानं आपली भर घातली. पण घातली ती चारचौघांत. ज्याला पटली नाही, त्यानं दुसरी लिहावी. आणि अनेकांनी लिहिल्याही.

दुसरा प्रसंग १८७८ चा. ब्राम्स आणि योआखिम यांची मैत्री तोवर पंचवीस वर्षांची झालेली. ब्राम्स पियानोवाला. त्यानं व्हायोलिन कॉन्सर्टो लिहायला घेतला आणि व्हायोलिनचा भाग योआखिमकडे पाठवून दिला : कुठे अवघड आहे, कुठे अडचणीचं आहे, काय हातात बसणारच नाही, ते सांग. योआखिमनं सांगितलं. बदल सुचवले, जागा बदलून दाखवल्या. ब्राम्सनं काही सूचना घेतल्या, बऱ्याचशा बाजूला ठेवल्या. कॅडेन्झा मात्र त्यानं योआखिमवरच सोपवली. १ जानेवारी १८७९ रोजी लाइपझिगमध्ये ब्राम्सच्या संचालनाखाली योआखिमनं तो कॉन्सर्टो पहिल्यांदा सादर केला. सहकार्य म्हणजे काय, याचा यापेक्षा चांगला नमुना मला ठाऊक नाही. एकानं विचारलं, दुसऱ्यानं स्पष्ट सांगितलं, आणि पहिल्याला ‘नाही’ म्हणायची मुभा राहिली.

आता शिक्षक योआखिम. १८६९ पासून १९०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो बर्लिनच्या सरकारी संगीत विद्यालयाचा आधारस्तंभ होता. पण शिकवायचा कसा? लिओपोल्ड आउअर त्याच्याकडे हॅनोव्हरला शिकला होता. त्याच्या आठवणींवरून दिसतं, की योआखिम तंत्राची फोड करून फारसं सांगत नसे. स्वतः वाजवून दाखवायचा आणि म्हणायचा, हे असं वाजवायचं. ज्याला कान होता तो उचलायचा, बाकीचे चाचपडत राहायचे. आपल्याकडे गुरूसमोर बसून शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. पण इथे एक अडचण आहे. ‘हे असंच’ म्हणणाऱ्यापुढे शिष्य उत्तर काय देणार? ते उत्तर पुढच्या पिढ्यांनी दिलं. आउअरनं सेंट पीटर्सबर्गला हायफेट्झ, मिलस्टाइन घडवले आणि त्यांची वाट बर्लिनपेक्षा अगदी निराळी निघाली. कार्ल क्लिंगलर या दुसऱ्या शिष्याकडे शिनिची सुझुकी शिकला आणि जपानला परतून त्यानं लहान मुलांना आधी ऐकवून शिकवायची पद्धत रुजवली.

मैत्रीत मात्र योआखिमला उलट उत्तर सोसलं नाही. पत्नी अमालिया मोठी गायिका. लग्नानंतर तिनं ऑपेराचा रंगमंच सोडला होता. पुढे योआखिम तिच्यावर संशय घेऊ लागला. ब्राम्सनं तिला पत्र लिहून तिची बाजू घेतली, आणि घटस्फोटाच्या खटल्यात ते पत्र कोर्टात आलं. दोन्ही मित्रांचं बोलणं तुटलं. पण पाहा, अबोल्याच्या त्या काळातही योआखिम ब्राम्सच्या रचना वाजवत राहिला! १८८७ मध्ये ब्राम्सनं व्हायोलिन आणि चेलो यांच्यासाठी दुहेरी कॉन्सर्टो लिहिला तो समेटासाठी, आणि योआखिमनं तो वाजवला.

शेवटी सर्वांत जड गोष्ट. १८५३ च्या शरदात रॉबर्ट शुमाननं योआखिमला डोळ्यांसमोर ठेवून एक व्हायोलिन कॉन्सर्टो लिहिला. काही महिन्यांतच शुमाननं ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचवलं, पण नंतरची जवळपास अडीच वर्षं मनोरुग्णालयातच गेली आणि तिथेच १८५६ मध्ये तो वारला. योआखिमनं ती रचना वाद्यवृंदाबरोबर वाजवून पाहिली आणि ठरवलं, की हे शुमानच्या तोलाचं नाही. आजाराची सावली यावर पडली आहे. शुमानची पत्नी क्लारा आणि ब्राम्स यांचंही तेच मत पडलं. हस्तलिखित मिटून राहिलं. त्याचं पहिलं जाहीर वादन झालं १९३७ मध्ये, चौऱ्याऐंशी वर्षांनी.

यात दुष्टावा नव्हता, हे मी आवर्जून सांगतो. मित्राच्या नावाला बट्टा लागू नये, एवढीच इच्छा. पण आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथे थांबावं लागतं. योआखिमचा कान तोच, निष्ठा तीच. ब्राम्सच्या बाबतीत तिनं रचना घडवली आणि शुमानच्या बाबतीत रचना दडपली. फरक कुठे पडला? ब्राम्स पत्राला उत्तर देऊ शकत होता. शुमान देऊ शकत नव्हता. आणि श्रोत्यांना तर कुणी विचारलंच नाही.

ती रचना थोर आहे की नाही, यावर आजही दोन मतं आहेत. पण ती आता वाजते, म्हणून मतं तरी होतात. घरी जाऊन जरूर ऐका. त्यातला मधला संथ भाग आधी ऐका, आणि योआखिम बरोबर होता का, ते तुमचं तुम्ही ठरवा.