द्रविड, राहुल शरद
(११ जानेवारी १९७३ – ). भारतीय क्रिकेटपटू, कर्णधार व प्रशिक्षक. जन्म इंदूरच्या मराठी कुटुंबात, जडणघडण बंगळूरला. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीजमध्ये ३५ वर्षांनी (२००६) आणि इंग्लंडमध्ये २१ वर्षांनी (२००७) कसोटी मालिका जिंकली.

या विजयांहूनही मोठा ठरावा असा त्यांचा निर्णय २०१८ मधला. त्यांच्या प्रशिक्षणाखाली १९ वर्षांखालील संघ विश्वविजेता झाला. क्रिकेट मंडळाने त्यांना ५० लाख, तर सहायकांना प्रत्येकी २० लाख रुपये जाहीर केले. हा भेद द्रविड यांना पटला नाही. अखेर त्यांच्या आग्रहावरून त्यांना व सहायकांना सारखेच २५ लाख मिळाले. त्यांची स्वतःची रक्कम निम्म्यावर आली.

२०१७ मध्ये बंगळूर विद्यापीठाची मानद डॉक्टरेटही त्यांनी नाकारली होती.

२०२४ चा टी-२० विश्वचषक भारताने त्यांच्याच प्रशिक्षणाखाली जिंकला.