अब्बांची प्रयोगशाळा

माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं, आणि तेही मराठी विषय घेऊन. त्यामुळं कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेवर मी बोलणार हे ऐकून घरात हसू फुटलं. हसणं रास्तच होतं. पण त्या प्रयोगशाळेत माझं निम्मं लहानपण गेलं आहे. माझे वडील एका तालुक्याच्या गावच्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होते. मुलं त्यांना ‘चाचा’ म्हणत, प्राध्यापक नुसती नावानं हाक मारत. शाळा सुटली की मी तिथं जाई आणि मागच्या स्टुलावर बसून राही.

अब्बांची बोटं नायट्रिक ॲसिडनं पिवळी पडलेली असत. सदऱ्याला बारीक भोकं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तीन कपाटं भरलेल्या सामानातली कुठली वस्तू कुठं आहे ते डोळे मिटून सांगत. पुस्तकात बीकरला ‘चंचुपात्र’ म्हणतात. चोच असलेलं भांडं, फार सुरेख शब्द आहे; पण प्रयोगशाळेत तो कुणाच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. तिथं बीकर, ब्युरेट, पिपेट, कंडेन्सर हेच चाले. एकदा मी विचारलं, “अब्बा, हा लीबिग कंडेन्सर म्हणजे, लीबिग कोण?” ते म्हणाले, “असेल कुणी मोठा साहेब. तू एवढं ध्यानात ठेव, पाणी खालून आत, वरून बाहेर. उलटं जोडलं तर नळी नीट भरत नाही.”

ते उत्तर माझ्या मनात राहून गेलं. पुढं कवितेच्या नादाला लागलो तरी त्या काचेच्या नावांमागची माणसं मी शोधत राहिलो.

पहिली गंमत अशी, की लीबिग कंडेन्सर लीबिगनं शोधलेलाच नाही. नळीभोवती नळी घालून मधून थंड पाणी खेळवायची युक्ती 1771 मध्ये वायगेल नावाच्या जर्मन रसायनज्ञानं मांडली होती. लीबिगनं ती वापरात आणली, गाजवली आणि नाव त्याचं लागलं. मात्र लीबिगचं खरं मोठेपण वेगळंच आहे. 1824 मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी तो गीसेन या लहानशा गावी प्राध्यापक झाला आणि सैनिकांच्या एका जुन्या पहारागृहात त्यानं प्रयोगशाळा मांडली. विद्यार्थ्यानं नुसतं व्याख्यान ऐकायचं नाही, स्वतःच्या हातानं प्रयोग करायचा, हा पायंडा तिथं पक्का झाला. आज आपल्याकडं बी.एस्सी.ची मुलं ‘प्रॅक्टिकल’ म्हणून जे करतात, त्याचं मूळ बरंचसं त्या पहारागृहात आहे.

त्याआधी काय होतं? त्याआधी प्रयोगशाळा ही श्रीमंताची गोष्ट होती. फ्रान्सचा लाव्हाझिए थोरच, पण तो कर गोळा करणाऱ्या मक्त्यातला भागीदार. त्यानं फोर्तँसारख्या कारागिरांकडून अप्रतिम तराजू करून घेतले. वायू मोजायची त्याची यंत्रं तर इतकी खर्चिक होती, की त्याचे प्रयोग पडताळून पाहणं इतरांना परवडेना. 1794 मध्ये क्रांतीनं त्याला गिलोटिनखाली नेलं, ते त्या करवसुलीपायीच. उलट लीबिगनं 1831 मध्ये सेंद्रिय पदार्थातला कार्बन मोजायला जे साधन केलं, ते म्हणजे पाच फुग्यांची एक काचेची नळी. पदार्थ जाळायचा, निघणारा कार्बन डायऑक्साइड त्या नळीतल्या पोटॅशच्या द्रावणात शोषला जातो, आधीचं आणि नंतरचं वजन घ्यायचं, झालं. काच फुंकायला शिकलेला कुणीही विद्यार्थी ती नळी करू शके. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात ती आजही दिसते.

आमच्या कॉलेजातला तराजू वेगळ्या खोलीत असे. काचेच्या पेटीत, दोन पारड्यांचा. पंखा बंद. वजनं चिमट्यानं उचलायची, कारण बोटाचा घामसुद्धा वजनाला भारी पडतो. त्याची दांडी ज्या धारेवर तोलली जाते ती धार अकीक दगडाची असे. अब्बांच्या बोटात अकीकाचीच अंगठी होती. “बघ, ह्याच्यावर सगळं तोललंय,” असं ते मला अंगठी दाखवून सांगत. हा ‘अकीक’ अरबीतून आलेला शब्द.

अरबीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. प्रयोगशाळेची भाषा इंग्रजी आहे असं वाटतं, पण जरा खरवडलं की आतून वेगळाच रंग निघतो. अल्कली म्हणजे ‘अल-कली’, खाऱ्या झुडपांची राख. अल्कोहोल म्हणजे ‘अल-कुहल’, हा मुळात डोळ्यांत घालायचा सुरमा. नवव्या-दहाव्या शतकातल्या अर-राझी या इराणी वैद्यानं ‘किताब अल-असरार’मध्ये आपल्या साधनांची यादीच दिली आहे. एका बाजूला धातू वितळवायची साधनं, भाता, मूस, सांडशी. दुसऱ्या बाजूला इतर पदार्थांवरच्या क्रियांची. ऊर्ध्वपातनाच्या खालच्या भांड्याला ‘करआ’ म्हणत, म्हणजे चक्क भोपळा. वरच्या टोपणाला ‘अंबीक’. हा अंबीकही अरबांनी ग्रीकांकडून घेतलेला. आपण मराठीत ज्याला अर्क म्हणतो तो अरबी ‘अरक’, म्हणजे घाम. भांड्याला घाम फुटतो, तोच गोळा करायचा.

आणि आपल्याकडं? ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात रसशाळा कशी असावी ते सांगितलं आहे, यंत्रंही वर्णिली आहेत. दोलायंत्रात भांड्यावर आडवी काठी ठेवून औषधाची पुरचुंडी द्रवात झोक्यासारखी लोंबती ठेवायची. तिर्यक्‌पातन यंत्रात दोन भांडी तिरप्या नळीनं जोडलेली, एकाखाली आग, दुसरं गार पाण्यात. हे सगळं नव्या जगापुढं आणलं आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी. एडिंबरोहून डॉक्टरेट घेऊन ते 1889 मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. तिथल्या प्रयोगशाळेत केलेलं मर्क्युरस नायट्राइटवरचं त्यांचं काम 1896 मध्ये प्रसिद्ध झालं. हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड 1902 मध्ये. पुढं सायन्स कॉलेजच्या इमारतीतल्याच एका खोलीत ते राहिले आणि 1944 मध्ये तिथंच वारले.

बुन्सेन बर्नरची कथाही अशीच. 1855 मध्ये हायडेलबर्गला नवी प्रयोगशाळा उभी राहत होती, गावात दिव्यांचा गॅस आला होता. गॅस जळण्याआधीच त्यात हवा मिसळली तर काजळी न धरणारी, तापट ज्योत मिळेल ही बुन्सेनची कल्पना. ती पितळेत उतरवली विद्यापीठाचा यंत्रकारागीर पीटर डेसागा यानं. बुन्सेननं पेटंट घेतलं नाही, हे त्याचं औदार्य. पण डेसागाचं नाव बर्नर पेटवणाऱ्या किती मुलांनी ऐकलं असेल?

मायकेल फॅरडेची आठवण मला इथं हटकून होते. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. 1813 मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोगशाळेचा मदतनीस म्हणून लागला. त्याच वर्षी हम्फ्री डेव्ही त्याला युरोपच्या दौऱ्यावर घेऊन गेले, तेव्हा त्याला खासगी नोकराचीही कामं करावी लागली आणि लेडी डेव्ही त्याला नोकरासारखंच वागवीत. त्याच माणसानं 1825 मध्ये बेंझीन शोधलं. पण त्याच्या हाताखालीही एक मदतनीस होताच, सार्जंट अँडरसन, तोफखान्यातला निवृत्त शिपाई. सांगतात, की एका रात्री फॅरडे त्याला ‘घरी जा’ म्हणायला विसरले, तर तो सकाळपर्यंत भट्टीत कोळसा घालत उभा होता. ही गोष्ट मी अब्बांना सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. “कोळशाचा हिशेब कुणी दिला?” एवढंच म्हणाले.

फुटलेल्या काचेचा हिशेब त्यांना द्यावा लागे, म्हणून असेल. विभागाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा फलक लागला. त्यावर सगळ्या प्राध्यापकांची नावं होती. त्या दिवशी अब्बा मागच्या खोलीत पाहुण्यांच्या कपबशा विसळत होते. क्रोमिक ॲसिडनं ब्युरेट धुणारे हात, कपबशांचं काय! त्यांना वाईट वाटलं का, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटलं.

त्यांचं लाडकं उपकरण म्हणजे किप. डेल्फ्ट गावच्या पेट्रुस किपनं 1844 च्या सुमारास केलेलं. एकावर एक तीन फुगे. मधल्यात फेरस सल्फाइडचे खडे, वरून सोडलेलं ॲसिड तळातून चढत खड्यांपर्यंत येतं आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा गॅस सुटतो. तोटी बंद केली की कोंडलेला गॅसच ॲसिडला खाली ढकलतो आणि काम आपोआप थांबतं. “हा शहाणा आहे,” अब्बा म्हणत, “पुरे म्हटलं की ह्याला कळतं.”

अलीकडं त्या कॉलेजात कवितावाचनाला गेलो होतो. नंतर प्रयोगशाळेत डोकावलो. तराजू आता बटणाचा, दशांशाची चार घरं झटक्यात दाखवणारा. आम्लता सांगणारा पीएच मीटर. हाही मुळात 1934 मध्ये अर्नोल्ड बेकमननं कॅलिफोर्नियातल्या लिंबांच्या रसासाठी केलेला. किप मात्र कपाटात बसला होता. त्या विषारी गॅसचे प्रयोग आता मुलांना देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तरुण परिचरानं मला तो काढून दाखवला. तोटी घट्ट बसली होती. मी जोर लावणार एवढ्यात तो म्हणाला, “थांबा सर, काचेला घाई चालत नाही.” त्यानं फडकं गरम पाण्यात बुडवून पिळलं, तोटीच्या बाहेरून गुंडाळलं, थोडं थांबला आणि दोन बोटांनी ती हलकेच फिरवली.

“हे कुणी शिकवलं?” मी विचारलं.

“माझ्या आधी होते त्यांनी. त्यांना म्हणे त्यांच्या आधीच्या चाचांनी.”